आजचं चिंतन : पाच गावं आणि सुईचं टोक



आजचं वाचन उद्योगपर्वातलं, कृष्णशिष्टाईचं. आपण थेट कुरुक्षेत्रावरच्या गीतेकडे जातो. पण तोच कृष्ण त्याआधी समेटासाठी हस्तिनापुरात गेला होता, हे विसरतो.

तेरा वर्षं वनवास-अज्ञातवास भोगून पांडव आपला वाटा मागत होते. युद्ध टळावं म्हणून युधिष्ठिर पाच गावांवरही यायला तयार झाला. चक्क भीमसुद्धा कृष्णाला म्हणाला, दुर्योधनाशी जरा नरमाईनं बोल. दुर्योधनानं मात्र सुईच्या टोकावर मावेल एवढी जमीनही नाकारली.

का? लोभ होताच. पण सभेतलं त्याचं बोलणं नीट वाचा. त्याचं म्हणणं असं, की सगळे मलाच दोष देतात, मला तर माझी चूक कुठेच दिसत नाही. पांडव आपणहून द्यूत खेळले आणि हरले. लाक्षागृह, द्रौपदीची विटंबना, यातलं काही त्याच्या हिशेबातच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या लॉगमध्ये फक्त इतरांच्या एरर नोंदल्या होत्या. स्वतःची चूक शून्य धरली, की साधी तडजोडसुद्धा अपमान वाटायला लागते.

सभेच्या आदल्या रात्री कृष्ण विदुराकडे उतरला होता. विदुर म्हणाला, तू आलास हे काही बरं केलं नाहीस, हे लोक ऐकणार नाहीत. कृष्णाला ते ठाऊक होतंच. तरी त्याचं उत्तर असं : मनापासून प्रयत्न केला आणि यश आलं नाही, तरी त्याचं पुण्य मिळतंच. चुकीच्या वाटेनं जाणाऱ्या मित्राला केस धरून का होईना, थांबवावं. आणि शक्य असून कृष्णानं थांबवलं नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको.

आता माझं सांगतो. गावच्या घराच्या वाटणीवरून दादाशी दीड वर्ष बोलणं बंद होतं. बायको फोन कर म्हणायची. माझं ठरलेलं उत्तर, "तो ऐकणारे का पण?" म्हणजे मी विदुराची शंका धरून बसलो होतो, कृष्णाचं उत्तर वाचलंच नव्हतं.

काल कागद घेतला आणि फक्त माझ्या चुका लिहिल्या. तीन निघाल्या. फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर त्याला हिशेब मागितला, ही सगळ्यात मोठी. रात्री फोन करून तेवढ्यापुरती माफी मागितली. वाटणीचा विषय निघाला नाही. दादा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "जेवलास का?"

घराचा प्रश्न अजून तसाच आहे. माझा हक्कही मी सोडलेला नाही. कृष्णानं तरी पांडवांचा कुठे सोडला होता? पण आता बोलता येईल.

आज एवढंच करून पाहा : ज्याच्याशी अबोला आहे त्याचं नाव लिहा, आणि खाली फक्त आपल्या चुका.

श्रीकृष्णार्पणमस्तु.