किनारवाटेचे अर्थशास्त्र : जेजू बेटाचा अनुभव

पर्यटन विकासाची चर्चा आपल्याकडे बहुधा विमानतळ, हॉटेलांतील खोल्या आणि पर्यटकांची संख्या यांभोवतीच फिरते. पर्यटकाने खर्च केलेल्या रुपयापैकी किती पैसे त्या गावात राहिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. स्थानिक अर्थव्यवस्थेत न थांबता बाहेरच्या कंपन्यांकडे किंवा आयात मालाच्या किमतीपोटी निघून जाणाऱ्या या रकमेला अर्थशास्त्रात ‘गळती’ म्हणतात. बेटांवर ती विशेष जाणवते. कारण तेथे अन्नधान्यापासून बांधकामाच्या साहित्यापर्यंत पुष्कळसे बाहेरूनच येते. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर ही गळती कमी करू शकणारे एक साधन निर्माण झाले, आणि ते म्हणजे केवळ एक पायवाट होय. मात्र या वाटेचा पाया कितपत भक्कम आहे, याचाही विचार तिच्या यशाबरोबरच करावा लागतो.

जेजू हे सुमारे १,८५० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे, ज्वालामुखीतून घडलेले बेट आहे. मध्यभागी सुमारे १,९५० मीटर उंचीचा हाल्लासान पर्वत, त्याच्या उतारांवर संत्र्यांच्या बागा, शेतांभोवती काळ्या दगडांचे गडगे आणि किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे, असे त्याचे स्वरूप आहे. प्राणवायूची नळकांडी न वापरता समुद्रतळाशी बुडी मारून शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या ‘हेन्यो’ स्त्रिया याच बेटावरच्या. त्यांच्या परंपरेचा समावेश युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केला. नवविवाहित जोडप्यांचे आणि सहलींच्या बसगाड्यांचे ठिकाण म्हणून जेजूची ख्याती जुनीच होती. तथापि, बसगाडी ठरलेल्या धबधब्यापाशी थांबते, ठरलेल्या उपाहारगृहापाशी थांबते आणि मधल्या गावांतून न थांबता निघून जाते.

सुह म्युंग-सूक या जेजूमध्ये जन्मलेल्या पत्रकाराने दीर्घकाळच्या नोकरीनंतर २००६ मध्ये स्पेनमधील सांतियागोची तीर्थवाट पायी केली आणि परतल्यावर आपल्या बेटावर तशी वाट आखण्याचे काम हाती घेतले. सप्टेंबर २००७ मध्ये पहिला मार्ग खुला झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये एकविसावा मार्ग पूर्ण होऊन बेटाभोवतीचे वर्तुळ जुळले. शेजारची लहान बेटे आणि अंतर्भागातील उपमार्ग धरून आज २७ मार्ग असून एकूण लांबी सुमारे ४३७ किलोमीटर आहे. ‘ओल्ले’ हे या वाटेचे नाव. जेजूच्या बोलीत घराच्या दारापासून हमरस्त्यापर्यंत जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना दगडी गडगे असलेल्या अरुंद बोळाला ओल्ले म्हणतात. कोकणातील पाखाडी ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक वर्णनाची गरज पडू नये.

बांधकामाविना गुंतवणूक

या प्रकल्पात नव्याने बांधलेले फारच थोडे आहे. बुजलेल्या जुन्या वाटा शोधून मोकळ्या करणे, काही ठिकाणी कुदळ-फावड्याने दगड हलविणे, निळ्या व नारिंगी फिती झाडांना बांधणे आणि दिशा दाखविण्यासाठी स्थानिक घोड्याच्या आकाराच्या खुणा बसविणे, एवढेच मुख्य काम. एका खडकाळ टप्प्यावरील दगड नौदलाच्या सैनिकांनी हातांनी रचून दिले. यंत्रे शक्यतो वापरावयाची नाहीत आणि सिमेंट टाळावयाचे, हे धोरण प्रारंभापासून राहिले. भांडवली खर्च इतका अल्प असल्यामुळे परताव्याचे गणित मांडण्याची घाई कोणालाच करावी लागली नाही, ही गोष्ट विकास प्रकल्पांच्या इतिहासात विरळाच.

परतावा मात्र मिळाला, आणि तो कसा मिळाला हे समजून घेण्याजोगे आहे. एका मार्गाची सरासरी लांबी सोळा किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे चालणाऱ्याचा एक दिवस त्यात जातो. मोटारीने काही मिनिटांत मागे पडणारे गाव पायी चालणाऱ्याला दुपारच्या जेवणाच्या वेळी गाठावे लागते. त्याला पाणी लागते, संत्री लागतात, पावसात आडोसा लागतो आणि संध्याकाळी पाठ टेकण्यास जागा लागते. खर्चाची रक्कम लहान, पण ती अनेक हातांत विभागली जाते. मुले शहरात गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या खोल्या वृद्ध स्त्रियांनी पाहुण्यांना देण्यास सुरुवात केली. ‘आजीबाईंचे घर’ अशा अर्थाच्या नावाने ती सोय ओळखली जाते. येथे नवी मालमत्ता निर्माण झाली नाही. पडून असलेली मालमत्ता उत्पादक झाली. सोग्विपो शहरातील जुन्या बाजारातून वाट नेण्यात आली, तेव्हा त्या बाजाराने स्वतःच्या नावातच ‘ओल्ले’ शब्द घेतला. टाकाऊ कापडापासून घोड्याच्या बाहुल्या शिवण्याचे काम स्थानिक स्त्रियांना मिळाले. पुढे २०१२ मध्ये जपानच्या क्युशू बेटाने हीच पद्धती आणि हेच नाव स्वीकारले.

संमतीवर उभी असलेली वाट

असे असले तरी या वाटेची एक मूलभूत अडचण आहे. वाट चालविणाऱ्या ना-नफा संस्थेची तिच्याखालील जमिनीवर मालकी नाही. काही भाग सार्वजनिक, तर काही भाग खाजगी शेतांतून व कुरणांतून, मालकांच्या संमतीने जातो. संमती देणारा ती परतही घेऊ शकतो, आणि तसे घडल्यामुळे काही ठिकाणी मार्ग वळवावे लागले आहेत. येथे एक विसंगती दिसून येते. वाट लोकप्रिय झाली की तिच्या कडेच्या जमिनीचे मोल वाढते. मोल वाढले की शेताच्या जागी उपाहारगृह किंवा विश्रामगृह उभारणे मालकास फायदेशीर वाटते. आणि ज्या दृश्यासाठी चालणारे येतात, तेच आक्रसू लागते. गेल्या दशकात जेजूमधील जमिनींच्या किमती झपाट्याने वाढल्या, त्यामागे परकीय गुंतवणुकीसह इतरही कारणे होती. परंतु संमतीवर अवलंबून असलेल्या वाटेला त्यांची झळ अधिक बसते.

शिवाय वाटेला फाटक नाही, तिकीट नाही. लाभ घेणाऱ्याकडून देखभालीचा खर्च वसूल होत नाही. तो देणग्या, वस्तुविक्री आणि स्वयंसेवक यांवर चालतो. एका मार्गाची झीज इतकी झाली की तो २०१५ मध्ये विश्रांतीसाठी बंद ठेवावा लागला. जुलै २०१२ मध्ये पहिल्याच मार्गावर एकट्या चालणाऱ्या एका महिलेचा खून झाला. मार्ग काही काळ बंद राहिला आणि सुरक्षेच्या उपायांचा नव्याने विचार करावा लागला. निर्जन वाटेवरील सुरक्षा ही सार्वजनिक सेवा आहे. ती केवळ सदिच्छेवर सोपविता येत नाही.

स्पेनच्या मिनोर्का बेटाने याबाबत वेगळा मार्ग निवडला. तेथील ‘कामी दे काव्हाल्स’ ही किनाऱ्याच्या टेहळणीसाठी घोडेस्वार वापरत ती जुनी वाट. विसाव्या शतकात जमीनमालकांनी ती जागोजागी अडविली आणि नागरिकांनी त्याविरुद्ध आंदोलने केली. अखेरीस २००० साली प्रादेशिक विधिमंडळाने कायदा करून वाटेवरील सार्वजनिक वहिवाटीचा हक्क प्रस्थापित केला. त्यानंतर बेटाच्या परिषदेने मालकांशी करार करून, आणि जेथे करार होईना तेथे संपादन करून, २०१० मध्ये १८५ किलोमीटरची संपूर्ण प्रदक्षिणा खुली केली. यास दहा वर्षे लागली. जेजूने बेटाभोवतीचे वर्तुळ पाच वर्षांत पूर्ण केले. परंतु मिनोर्कातील मालकाला उद्या मन बदलून कुंपण घालता येणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, आरंभ जेजूसारखा आणि शेवट मिनोर्कासारखा, हा क्रम व्यवहार्य ठरावा. कारण वाटेचा उपयोग लोकांच्या अनुभवास आल्याशिवाय तिच्या हक्कासाठी कायदा करण्याचा राजकीय रेटा निर्माण होत नाही.

आपल्या किनाऱ्याच्या संदर्भात एक तरतूद येथे नमूद करणे उचित होईल. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेत, लोकांना पुळणीपर्यंत जाता यावे म्हणून दोन किनारी हॉटेलांच्या दरम्यान किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडण्याची अट घालण्यात आली होती. ही अट रस्त्याकडून समुद्राकडे जाण्याची सोय पाहते. किनाऱ्यालगत एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे चालत जाणाऱ्याला अशा तरतुदीतून काहीच मिळत नाही. खाड्यांच्या मुखाशी तर, पूल आणि तर यांपैकी काहीच नसले की, त्याची वाट तेथेच संपते.