आधी वजन करा, मग औषध लिहा

आमच्या गिनी पिगला, बुंदीला, दवाखान्यात आणायला मी उशीर केला, असं एक डॉक्टर म्हणाले. म्हणून हे लिहिते आहे. उशीर झालेला नव्हता. माझ्याकडे वही आहे.

वहीत बुंदी आणि तिची जोडीदारीण खारी, दोघींचं दर रविवारचं वजन लिहिलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं, पातेल्यात रुमाल आणि रुमालावर गिनी पिग. 910, 915, 908 असं चाललेलं बुंदीचं वजन एका रविवारी 862 भरलं. त्याच सकाळी मुलगी म्हणाली, ‘‘आई, बुंदीने आज शीळ घातली नाही.’’ फ्रिजचं दार उघडलं, कोथिंबिरीची पिशवी वाजली की दोघी पिंजरा डोक्यावर घ्यायच्या. त्या दिवशी खारी एकटीच ओरडत होती. बुंदी कोपऱ्यात अंग फुलवून, पाठ वर काढून बसलेली. नाक ओलं. ढोबळी मिरचीचा तुकडा पुढे धरला, तर तिने हुंगला आणि तोंड फिरवलं. खालच्या लेंड्या नेहमीपेक्षा बारीक आणि मोजक्याच होत्या.

गिनी पिग दुखणं लपवतो. जंगलात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो, ती सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. त्यामुळे आपल्याला तो आजारी ‘दिसतो’ तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणूनच वजनाची वही. मला ते माहीत होतं, आणि मी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पेटीचं झाकण उघडून वरूनच पाहिलं. हातात घेतलं नाही, पोट चाचपलं नाही, दात पाहिले नाहीत. मी वही पुढे केली तर म्हणाले, ‘‘पन्नास ग्रॅमने काय होतंय?’’ साठ किलोच्या माणसाचं वजन आठवड्यात तीन किलोंनी उतरलं तर हेच म्हणाल का? ‘‘सर्दी आहे,’’ म्हणून त्यांनी मेडिकलमध्ये लहान मुलांसाठी मिळतं ते अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. मी विचारलं, ‘‘गिनी पिगला हे चालतं ना?’’ हे मी विचारलं होतं, नवरा शेजारी उभा होता. उत्तर आलं, ‘‘अहो ताई, उंदराच्याच जातीचं आहे. डोस कमी करून दिलाय.’’

औषध सुरू झाल्यावर नाक कोरडं झालं, पण खाणं पूर्ण थांबलं. मग पातळ शी, फुगून टणक झालेलं पोट, थंड पडत चाललेले पाय. शहराच्या दुसऱ्या टोकाला ससे, पक्षी, कासवं पाहणाऱ्या एक डॉक्टर आहेत असं कळलं, तिकडे धावलो. त्यांनी आधी तिचं वजन केलं, तोंडात पाहिलं, पोटाला कान लावला. मग म्हणाल्या, ‘‘काय औषध चालू आहे?’’ मी पर्समधून बाटली काढून दिली. त्यांनी लेबल वाचलं, बाटली टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलून वाचलं. ‘‘हे कुणी दिलं?’’

त्या क्षणी मला सगळं कळलं, पुढचं त्यांनी फक्त समजावून सांगितलं. गवत पचवण्याचं काम गिनी पिगच्या आतड्यातले जिवाणू करतात. पेनिसिलिनच्या गटातलं औषध तोंडावाटे गेलं की तेच जिवाणू मरतात आणि त्यांच्या जागी विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात. डोस कमी केल्याने औषध सुरक्षित होत नाही. ही काही कालपरवा कळलेली माहिती नाही, पशुवैद्यकाच्या पुस्तकांत कित्येक वर्षांपासून आहे. त्यांनी जे करता येईल ते केलं. बुंदी वाचली नाही.

मी बाटली घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. ‘‘आणायला उशीर केलात. नाजूकच असतात हे. दुसरा घ्या की, स्वस्तात मिळतो.’’ माझी मुलगी शेजारी उभी होती. औषधापेक्षाही हे वाक्य मला अजून जाळतं.

आता ज्यांच्या घरी गिनी पिग आहे त्यांनी ऐका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांपैकी काहीही तोंडाने द्यायला सांगितलं तर द्यायचं नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही त्यांना सहसा चालणारी औषधं आहेत, पण तीही जाणकार डॉक्टरांनी वजन करून ठरवलेल्या मात्रेतच.

डॉक्टर जाणकार आहेत का, हे फोनवरच कळतं. विचारा, ‘‘ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं का?’’ कुत्र्यामांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं तर दुसरा दवाखाना शोधा. गिनी पिगला उलटी होतच नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर ते थांबतं. याच कारणाने बारा तास काही खाल्लं नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत अंगाखाली ऊब द्या. पोट मऊ असेल तर पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ करा आणि सुई नसलेल्या सिरिंजने, पुढच्या दातांच्या मागे गालाच्या बाजूने थोडं थोडं द्या. सरळ घशात सोडलं तर फुप्फुसात जातं. पोट फुगून ताठ असेल तर काहीच भरवू नका, थेट निघा.

दुकानदारांबद्दलही बोलायलाच हवं. आम्हाला सशाचं खाद्य ‘दोघांनाही चालतं’ म्हणून विकलं होतं. ससा स्वतःचं क जीवनसत्त्व शरीरात बनवतो. गिनी पिग माणसासारखाच ते बनवू शकत नाही. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिश या दोघांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगना स्कर्व्ही होते हे दाखवून दिलं. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी आमच्या दुकानदारापर्यंत ते पोहोचलेलं नाही. केस राठ होणं, सांधे सुजणं, हिरड्यांतून रक्त येणं, उचललं की किंचाळणं ही क जीवनसत्त्व कमी पडल्याची लक्षणं. रोज ताजी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर द्या. पाण्यात थेंब टाकून भागत नाही, पाण्यातलं क जीवनसत्त्व लवकर निकामी होतं. ताटभर वाळलं गवत कायम समोर हवं, कारण दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. लसूण घास मात्र मोठ्या गिनी पिगला रोज नको, त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका वाढतो. लघवी करताना कण्हत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर थेट डॉक्टर.

मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळू लागले तर अंडाशयात गाठी असू शकतात, त्याला मलम लावत बसू नका. एप्रिल-मेमध्ये पिंजरा गॅलरीत ठेवू नका. पिंजरा स्वच्छ ठेवा. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

खारी आहे अजून. तिची वही वेगळी केली आहे. पहिल्या पानावर वरची सहा औषधं मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत आणि खाली त्या दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर. तुम्हीही आजच लिहून ठेवा, प्राणी धडधाकट आहे तोवर. औषध लिहून देणाऱ्यासमोर ते पान उघडा. ते चिडले, तर चिडू द्या.