रक्ताचा रिपोर्ट वाचूया: डबा भरलेला, कोठी रिकामी

आज आपण जरा वेगळा मजकूर वाचणार आहोत. तो गोष्टीच्या पुस्तकात नसतो, पण प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. तो म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट.

समजा, लंडनला राहणारी तुमची 19 वर्षांची ताई सारखी दमते. जिना चढताना तिला धाप लागते. आई म्हणते, "रात्री जागतेस, दुसरं काय!" शेवटी ताई रक्त तपासून घेते. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन असतं 122. नाशिकची आजी व्हिडिओ कॉलवर हसते. "अगं, माझं 11.4 आणि तुझं 122! तुला काय धाड भरलीये?"

आजी कुठे चुकली? आकडा वाचताना आधी एकक बघायचं. भारतात आणि अमेरिकेत हिमोग्लोबिन एका डेसिलीटरमागे, म्हणजे 100 मिलिलीटर रक्तामागे मोजतात. ब्रिटनमध्ये ते एका लीटरमागे मोजतात. म्हणून आजीचे 11.4 म्हणजे ब्रिटनमधले 114. दोघींच्या आकड्यांत फार फरक नाही!

हिमोग्लोबिन काय सांगतं?

हिमोग्लोबिन रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये असतं. ते प्राणवायू सगळ्या शरीरभर पोहोचवतं. ते तयार करायला लोह लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार, गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन 120 च्या खाली आणि पुरुषाचं 130 च्या खाली गेलं, तर त्याला रक्तक्षय किंवा ॲनिमिया म्हणतात. ताईचं 122 आहे. म्हणजे सगळं ठीक? थांबा, घाई करू नका.

कोठीत डोकावूया

स्वयंपाकघरात तांदळाचा एक डबा रोजच्या वापराचा असतो. मागे कोठीत तांदळाचं पोतं असतं. डबा रिकामा झाला की आपण पोत्यातून भरतो. पोतं संपलं तरी डबा काही दिवस भरलेलाच दिसतो. शरीराचंही तसंच आहे. हिमोग्लोबिन म्हणजे डबा. फेरिटिन म्हणजे कोठीतल्या साठ्याची खूण. निरोगी मोठ्या माणसाचं फेरिटिन 15 च्या खाली गेलं, तर साठा संपत आलाय असं समजतात.

ताईचं फेरिटिन आहे 8. डबा कसाबसा भरलेला, कोठी मात्र रिकामी! म्हणजे ताई आळशी नव्हती. तिचं दमणं खरं होतं.

तिसरा आकडा वाहतुकीचा. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन लोह वाहून नेतं. बसमध्ये 100 जागा आहेत असं समजा. साधारण 20 ते 45 जागा भरलेल्या असाव्यात. ताईच्या बसमध्ये फक्त 11 भरल्या आहेत.

आणि आजी?

आजी म्हणते, "वय झालं की एवढं असायचंच." नाही आजी, तसं नसतं! 114 हा आकडा 120 च्या खाली आहे. त्याचं कारण शोधायलाच हवं. आजीचं फेरिटिन 60 आहे, म्हणून साठा भरपूर वाटतो. पण आजीला संधिवात आहे. शरीरात दाह असला की फेरिटिन वाढतं आणि रिकामी कोठीसुद्धा भरलेली दिसते. अशा माणसाचं फेरिटिन 70 च्या खाली असेल, तरी लोह कमी असू शकतं. म्हणून डॉक्टर दाह दाखवणारी सीआरपी तपासणीही करतात आणि सगळे आकडे एकत्र वाचतात.

मग काय करायचं?

आजी सांगते, "पालक खा, गूळ-शेंगदाणे खा." खाऊ द्या, छानच आहे. पण पालकातलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं. वरणावर लिंबू पिळलं तर डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. म्हणून चहा तासाभराने प्या.

रिकामी कोठी भरायला बहुतेक वेळा गोळ्या लागतात. पण त्या मनाने सुरू करू नका. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात आणि हृदयात साठून त्रास देतं. काही जणांना आईवडिलांकडून थॅलेसेमियाचा एक जनुक मिळालेला असतो. त्यांच्या तांबड्या पेशी लहान दिसतात, पण लोह पुरेसं असू शकतं. झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. त्या फार दिवस जास्त घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्यानेही ॲनिमिया होतो.

आणि एक चूक पुष्कळ जण करतात. हिमोग्लोबिन वाढलं की गोळ्या बंद! पण आधी डबा भरतो, कोठी नंतर. म्हणून डॉक्टर सहसा आणखी तीनेक महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात.

नवीन शब्द

एकक – मोजण्याचं माप
कोठी – धान्य साठवायची खोली
साठा – जपून ठेवलेला माल
धाप लागणे – श्वास जोरात चालणे
दाह – शरीरातली आग किंवा सूज
मनाने – कुणाला न विचारता

स्वाध्याय

1. "तुला काय धाड भरलीये?" असं आजी का म्हणाली?
2. 13.2 हा भारतातला आकडा ब्रिटनच्या एककात लिहा.
3. ताईचं हिमोग्लोबिन 122 होतं, तरी ती का दमत होती?
4. आजीला फोन करून तपासणीला जायला सांगा. पाच वाक्यं लिहा. आजीला "तू" म्हणा, पण प्रेमाने!