दीड लाख संशोधनाला द्यायचे, पण कुठे?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फौंड्री आहे. नातीला डाऊन सिंड्रोम आहे. त्यावरच्या संशोधनाला दीड लाख रुपये द्यायचे आहेत. औषध निघेल का? पैसे कुठे द्यावेत?

उत्तर : एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत काढून टाकणारे औषध आज नाही. तसे सांगून देणगी मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. खरे काम दुसरीकडे चालले आहे. त्याच गुणसूत्रावर एपीपी नावाचे जनुक असते. त्याच्या जादा प्रतीमुळे मेंदूत अमायलॉइड प्रथिन लवकर साचते आणि चाळिशीतच अल्झायमरच्या खुणा दिसतात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१८ पासून डाऊन सिंड्रोमवरच्या संशोधनासाठी स्वतंत्र निधी ठेवला आहे.

आता तुमचे दीड लाख. कनिष्ठ संशोधकाची सरकारी छात्रवृत्तीच महिना ३७ हजार. चार महिन्यांत संपले! म्हणून शेजारच्या चार-सहा कारखानदारांना सोबत घ्या. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजला एनआयएचच्या पैशांवर माता-बाल संशोधन चालवायचा अनुभव आहे. तिथे आधी विचारा. नैतिकता समितीची मंजुरी आणि वेगळा हिशेब, दोन्ही लेखी मागा.

सीएसआरची, म्हणजे कंपनीने नफ्यातून सामाजिक कामावर करायच्या खर्चाची, सक्ती साधारण पाच कोटी निव्वळ नफ्यापासून सुरू होते, त्यामुळे तुम्हाला ती बहुधा नसेल. पण तुम्ही ज्या मोठ्या कंपनीला कास्टिंग पुरवता, तिला असेल. तो पैसा आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) देता येतो. त्या कंपनीत शब्द टाकाच.

आणि हो, नातीच्या हृदयाचा टू-डी इको झालाय ना? थायरॉइडची तपासणी मात्र दरवर्षी करायची.