ओट्यावरचा अर्धा तास

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, पुन्हा शाळा बंद झाली तर या दोघांचं मी काय करू?" पांझरेला पाणी वाढलं, ऊन एप्रिलातच मे महिन्यासारखं तापलं, कुठली साथ आली, कारण काहीही असो, कोरोनातल्या त्या मोठ्या बंदनंतर आईबापांना शाळेच्या सुट्टीची धास्तीच वाटते. फोनवर उरकण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहून पाठवते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पहिली-दुसरी शिकवली, त्यातली नऊ वर्षं चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. पण यातलं निम्मं मी शिकले निवृत्तीनंतर, 2020 साली, आणि तेही चुकून.

त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता, तो राहिला तो राहिलाच. नातू तेव्हा तिसरीत. मला वाटलं, घरात बाई असताना चिंता कसली? साडेदहाला ताटली वाजवायची, हजेरी घ्यायची, मग पाढे, शुद्धलेखन, परत पाढे. पाच तास पुरे करायची मी, अगदी तासिका पाडून. आठव्या दिवशी वही हरवली. ती सापडली ज्वारीच्या कोठीत, पार खाली दाबलेली. मी चिडले, तेव्हा तुझे काका ओट्यावरूनच म्हणाले, "त्याले एक आजी व्हती, ती बी तू काढी लिधी."

रात्रभर ते डोक्यात राहिलं. सकाळी ताटली मांडणीवर गेली.

पहिली गोष्ट हीच. शाळा उचलून घरी आणू नकोस. शाळेत चाळीस मुलं असतात, बाई फळ्याकडे वळल्या की मूल श्वास घेतं, खिडकीबाहेर बघतं, शेजारच्याला चिमटा काढतं. घरी तू एकटीच त्याच्या वहीवर डोळे लावून बसलीस तर पाच तासांचा त्याला तुरुंगच होणार. लहान्याला एका बैठकीला अर्धा तास खूप झाला. मोठीला तसे दोन-तीन अर्धे तास, मध्ये उठून फिरायला मोकळीक. मात्र तो अर्धा तास रोजचा, त्याच जागी, आणि त्या वेळी तू गॅसवर काही ठेवायचं नाही. मूल वाचतंय आणि आई "हं, हं" करत भाजी चिरतेय, हे त्याला बरोबर कळतं.

वेळ आपल्याकडे सूर्य ठरवतो. एप्रिल-मेत सकाळी साडेसहा ते आठ हेच काय ते डोकं चालण्याचं ऊन. दुपारी बारानंतर भुसावळ काय नि धुळं काय, पत्र्याखाली बसून मोठ्या माणसालाही बेरीज जमत नाही. तेव्हा पाणी शिंपडून, पडदा ओला करून झोपू दे. संध्याकाळ खेळाची. रात्री गच्चीवर अंथरूण पडलं की पाढे, गोष्टी, चांदण्या. आम्ही धाब्याच्या घरात वाढलो. सप्तर्षी मला कुठल्या पुस्तकानं दाखवला नाही, आबांनी धाब्यावर झोपून बोटानं दाखवला. आणि खाणं शाळेच्याच वेळेला. मधल्या सुट्टीचं पोट ठरलेल्या वेळी भुकेजतं. बंदच्या त्या काळात खिचडीचे तांदूळ-डाळ शाळेतून घरी देत होते, पण वेळेवर वाढायला घरचंच कुणी हवं होतं.

वारही ठरवून ठेव, नाहीतर बंदच्या दिवसांत सोमवार नि रविवार सारखेच होतात आणि मुलं चिडचिडी होतात. तुमच्या धुळ्याच्याच तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे. अठरा अध्याय, अठरा रविवार, आणि ते सगळं साने गुरुजींनी उतरवून घेतलं म्हणून आज आपल्या हातात आहे. बुधवारी मोठीनं गोष्ट सांगायची, शनिवारी सगळ्यांनी मिळून कपाट आवरायचं, असं काहीही चालेल. पुढच्या वाराची वाट बघायला मिळाली पाहिजे.

आता अभ्यासाचं. सगळे विषय धरू नकोस. वाचन धर, थोडं गणित धर, बाकीचं शाळा उघडल्यावर भरून निघतं. वाचन मागे पडलं की सगळंच पडतं. मुलांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या 'असर'च्या 2022 च्या पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी 20.5 टक्के निघाली. 2018 मध्ये ती 27.3 टक्के होती. आधीचाही आकडा काही मिरवण्यासारखा नव्हता म्हणा. पण त्यांची तपासायची पद्धत सोपी आहे, ती घरी उचल. आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग चार ओळींचा सोपा परिच्छेद, मग लहानशी गोष्ट. मूल जिथं अडखळतं, तिथून एक पायरी खाली उतरून सुरुवात करायची. पाचवीतलं मूल शब्दांवर अडखळलं तर शब्दांपासूनच. त्यात लाज वाटते ती आपल्याला. मुलाला नाही वाटत, आपण वाटू दिली नाही तर. गणिताचंही तसंच. दोन अंकी संख्या ओळखता येतात का, हातचा घेऊन वजाबाकी येते का, भागाकार येतो का, एवढं बघितलंस तरी पुरे.

तुझ्या शेजारच्या वहिनी म्हणतात ना, "माले वाचता येत नही, मी काय शिकाडू?" त्यांना माझा निरोप दे. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या घरोटावर, वावरात ओव्या म्हणत गेल्या आणि घरातल्या शिकलेल्या पोरांनी, सोपानदेवांनी, त्या कागदावर घेतल्या. बोलणारी आई, लिहिणारं लेकरू. वहिनींनी फक्त म्हणायचं, "वाच रे, मी ऐकते," आणि वाचून झालं की एकच विचारायचं, "मग पुढं काय झालं?" मुलाला गोष्ट कळली नसेल तर त्याला ती सांगता येत नाही. कळलंय की नुसतं बडबडलंय, हे तपासायला एवढा प्रश्न बास.

लिहिण्याचा कंटाळा सगळ्याच मुलांना. शुद्धलेखन दिलंस की वही कोठीत जाते, हे मी सांगितलंच. साने गुरुजी 1924 ला अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. तिथं ते मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे, नाव 'छात्रालय'. मी तेच उचललं. घरचं दैनिक, पाठकोरा कागद, रोज चार बातम्या. आमच्याकडे पहिल्या दिवशीची ठळक बातमी होती, 'आजीने दुधाचे पातेले जाळले'. दोन दिवस माझी बदनामी भिंतीवर चिकटलेली होती, पण पोरगं न सांगता लिहायला बसत होतं. चुका लाल शाईनं काढू नकोस. दुसऱ्या दिवशी तूही एक बातमी लिही, तोच शब्द बरोबर लिहून. मूल तो आपोआप बघतं.

गणिताला पुस्तक कशाला? बंद उन्हाळ्यात आला तर बिबड्यांचे, ज्वारीच्या पापडांचे, दिवस असतात. ओल्या कापडावर सात ओळी, ओळीत नऊ, किती झाले? त्यातले पाच फाटले, किती उरले? एका डब्यात दोन डझन मावतात, मग डबे किती लागतील? पळी कुणाच्या हातात द्यायची यावरून भांडण होईल, होऊ दे. मोठीला जरा अवघड घाल. तिचे बाबा रावेरकडच्या केळी बघून आले असतील, तर विचार: एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, आणि लावण पाच बाय पाचवर, खोडं किती? भागाकार करून 1,742 येतात. मग बांधाची, पाटाची जागा सोडली तर कमी किती धरायची, यावर घरात जे बोलणं होतं ते खरं गणित. माझ्या नातवानं 1,742 ऐकून विचारलं, "आणि डुक्करं शिरली तर?" तुझे काका म्हणाले, याला शेती कळली.

मोबाइलचं काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. त्या वर्षी एकाच घरात तीन मुलं आणि एकच मोबाइल, तोही बापाबरोबर दिवसभर मार्केट यार्डात. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणून रोज दुवे यायचे, पण ते उघडायला रात्रीचे आठ वाजत आणि तोवर नेट संपलेलं असे. डोंगराकडे तर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागे. त्यापेक्षा कितीतरी घरांना टीव्ही जवळचा होता. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीसाठी. मला ती आवडायची, कारण घरातल्या-परसातल्या वस्तू घेऊन करून बघायला लावायची. पण पडदा टीव्हीचा असो की हातातला, एक नियम पाळ: बघून झालं की तो बंद करून मुलानं तुला दोन वाक्यांत सांगायचं. जे सांगता येत नाही ते बघितलंच नाही असं समज. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती ठेव उतरवून. पण लहान्याला हातात धरायला खरं पुस्तक दे, मोठ्या भावंडाचं जुनं का असेना. मोबाइल झोपायच्या खोलीत न्यायचा नाही. हा नियम तुम्हा दोघांनाही. तुम्ही मोडलात तर मुलांना सांगायचं तोंड राहत नाही.

भाषेचं एक सांगते, कारण यात मीही वर्षानुवर्षं चुकले. मुलाला घरात अहिराणी बोलू द्या, लेवा गणबोली बोलू द्या. चोपड्याकडे माझ्या वर्गात पावरा आदिवासी मुलं होती. पहिले सहा महिने ती गप्प बसायची आणि मी शेऱ्यात लिहायची, 'अबोल'. अबोल कुठली! मधल्या सुट्टीत चिंचेखाली कावळ्यांसारखी कलकलायची. अहिराणीत 'आंडेर' म्हटलं की मुलगी, 'आंडोर' म्हटलं की मुलगा, 'आते' म्हणजे आता, अशी दोन रकान्यांची वही मुलांकडून करून घे. एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे पुस्तकातला. आजीला विचारून आखाजीची गौराईची गाणी उतरवून घेऊ दे. 2020 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 26 एप्रिलला होती. लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके रिकामे. आमच्या गल्लीतल्या दोन पोरींनी त्या दिवशी गच्चीवरून एकमेकींना गाणी म्हणून दाखवली. घागर भरली, आंब्याचा रस केला, तेव्हा कुठं घरात सण आल्यासारखं वाटलं. बंदमध्ये सण चुकवू नकोस. छोटा कर, पण कर.

मनाचं मी वेगळं सांगत नाही, वरचं सगळं मनाचंच आहे. तरी लक्ष ठेवायच्या खुणा: कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, रोज पोट दुखतं म्हणालं, नखं खायला लागलं, मित्राचा फोन आला तरी उठेना. रागवायचं नाही आणि "काय झालं, काय झालं" म्हणून खोदायचंही नाही. त्याच्याबरोबर शेंगा सोलायला बस. हात कामात असले आणि डोळे समोरच्या टोपलीत असले की मुलं बोलतात. बातम्यांचं चॅनल दिवसभर चालू ठेवू नका. घरात कुणी गेलं तर "गावाला गेले" सांगू नका. दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, एका पोरीला असं सांगितलं होतं. ती महिनाभर एसटीच्या थांब्याकडे बघत बसायची. खरं सांगा, थोडक्यात सांगा, जवळ घेऊन सांगा. पंधरा दिवसांत मूल सावरलं नाही तर डॉक्टरकडे न्यायला लाजायचं नाही. 14416 वर मानसिक आरोग्याच्या 'टेली मानस'चा फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

आणि मुलींबद्दल. शाळा बंद झाली की मुलगी घरात दिसायला लागते, दिसायला लागली की धाकट्याला सांभाळणं, पाणी, भाकरी तिच्याकडे जातं, आणि मग कुणीतरी पाहुणा म्हणतो, शाळा तर बंदच आहे, आखाजीचा मुहूर्त आहे, उरकून टाका. आठवीतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं असं ठरत होतं. मी तिच्या आजीकडे जाऊन बसले, चहा घेतला नाही. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा आहे, हे मी तिला त्या दिवशी तीनदा सांगितलं. तुझ्या गल्लीत असं काही कानावर आलं तर मुलांच्या मदतीचा 1098 फिरव, रात्री-अपरात्री सुद्धा लागतो. नात्यात वाईटपणा येतो. येऊ दे. आणि घरात भाकरी थापायला मुलीला बसवलंस तर मुलालाही पीठ मळायला बसव.

शाळा उघडायची वेळ येईल तेव्हाचंही सांगून ठेवते. आपल्याकडे पहिली ते चौथीचे गावाकडचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली ती 1 डिसेंबर 2021 पासून. म्हणजे जून 2020 ला पहिलीत नाव घातलेलं पोर पहिल्यांदा बाकावर बसलं ते दुसरीत असताना. अशा मुलांना पहिल्या दिवशी "किती आठवतं?" विचारू नये. आठ दिवस आधीपासून शाळेच्या वेळेला उठव, डबा भरून ओट्यावर खायला बसव, शाळेवरून एक चक्कर मारून आण. आणि गणवेश घालून बघ. आमचा नातू त्याचा वर्ग भरला त्या दिवशी दारातून मागे फिरला, जात नाही म्हणाला. मी त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगायला बसले, सूनबाईंनी समजूत काढली, काकांनी दहाची नोट दाखवली. शेवटी त्याच्या आत्यानं खाली बघितलं. पँट नडगीपर्यंत वर गेली होती.