चहाच्या चोथ्याचे खत : हॉटेलवाल्या बांधवांसाठी

कॉफी पिणाऱ्या देशांत उरलेला कॉफीचा गाळ बागेत घालण्याची पद्धत आहे. आपल्या वालचंदनगर-बारामती-इंदापूर भागात कॉफी बहुधा विरघळणाऱ्या पावडरीची होते, त्यामुळे तिचा गाळ उरतच नाही. उरतो तो चहाचा चोथा. तो रोज उरतो, आणि गटारात नाहीतर उकिरड्यावर जातो.

हिशेब करून पाहा. रोज एक किलो चहापत्ती उकळणाऱ्या हॉटेलात अडीच-तीन किलो ओला चोथा निघतो, म्हणजे महिन्याला पाऊण क्विंटलच्या पुढे. वाळलेल्या चोथ्यात साधारण ३ ते ४ टक्के नत्र असते, तर कॉफीच्या गाळात २ टक्क्यांच्या आसपास. पालाश मात्र बराचसा उकळताना चहात उतरतो. म्हणून चोथा हे पूर्ण खत नव्हे. शिवाय त्यातले नत्र युरियासारखे लगेच मिळत नाही, कुजेल तसे सावकाश सुटते.

आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो. तसाच चोथा कुंडीत टाकला तर मुंग्या लागतात, दुधाने आंबूस वास सुटतो आणि बुरशी धरते. चोथा दोन पाण्यांनी धुऊन घ्यावा. धुतलेले पाणी खताच्या खड्ड्यात ओतावे.

धुतलेला चोथाही थेट घालायचा तर अगदी पातळ पसरून मातीत मिसळावा. जाड थर वाळला की त्याची पापडी होते आणि पाणी खाली मुरत नाही. कॉफीचा बारीक गाळ तर याहून घट्ट बसतो. कोवळ्या रोपांच्या वाफ्यात दोन्ही घालू नयेत.

खरा उपयोग खड्ड्यात. एक घमेले चोथा, दोन-तीन घमेली पाचट किंवा वाळका पाला, वर थोडे शेण. सुतारकाम करणाऱ्या बांधवांकडचा लाकडाचा भुसाही चालतो, पण थोडाच, आणि प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायने असतात. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवावी. आठवड्याला एकदा खालीवर केले तर तीन महिन्यांच्या आसपास काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते.

चोथा आम्लधर्मी असतो, त्याने चोपण जमीन सुधारते, असे कोणी सांगते. यावर विसंबू नका. उकळून उरलेल्या गाळातला आम्लपणा बराचसा गेलेला असतो. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीवर घमेलेभर चोथ्याने काय फरक पडणार? बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेणे बरे.

आता धंद्याची गोष्ट, आणि ती खतापेक्षा महत्त्वाची आहे. वाळवलेला चोथा चांगल्या भावाने मागणारा अनोळखी माणूस दारात आला तर सावध राहा. वापरलेली पत्ती वाळवून, रंग देऊन पुन्हा चहात मिसळणे ही या व्यापारातली जुनी लबाडी आहे. ती १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हा होती, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानेही आहे. आपल्याला ठाऊक नव्हते, हे सांगून हॉटेलचे गेलेले नाव परत येत नाही. सोपा उपाय म्हणजे चोथ्यात त्याच दिवशी शेण किंवा माती कालवून टाकावी. मग तो खताशिवाय कशालाच उपयोगी पडत नाही. रोपवाटिकेला द्यायचा तर तसाच कालवून द्यावा, बदल्यात रोपे घ्यावीत. पिशवीवर नाव छापून खत विकायचे मनात असेल तर खत नियंत्रण आदेश १९८५ आधी समजून घ्यावा, कृषी खात्यात चौकशी करावी.

सुटी पत्ती विकत घेतानाही तपासा. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरून पाणी शिंपडावे. कागद नळाखाली धुऊन उजेडात धरावा. चांगल्या पत्तीचा डाग राहत नाही. रंग दिलेली असेल तर डाग लगेच उमटतो.