शेतकऱ्याचा मुलगा व नोकरीचा अर्ज

घरच्या शेतात राबून बारावीपर्यंत शिकलेल्या मुलास नोकरीचा अर्ज भरावयास बसविले, की 'पूर्वानुभव' या रकान्यापाशी त्याचा हात थांबतो. थोडा विचार करून तो तेथे 'नाही' असे लिहितो. ज्याने तीन हंगाम द्राक्षबागेची छाटणी केली, जो रोज पहाटे डेअरीत दूध घालून फॅटचा आकडा तपासून घेतो, त्यास अनुभव नाही असे कसे म्हणावे? आणि त्याने स्वतःच तसे लिहून दिल्यावर दुसऱ्याने त्याची परीक्षा तरी का करावी?

चार एकरांची दोन भावांत वाटणी झाली, की एकाने बाहेर काम पाहणे भाग पडते. घरात हे सर्वांस ठाऊक असते, परंतु त्याविषयी बोलणे लांबणीवर पडते, आणि मुलगा पंचविशी ओलांडतो. सरकारी भरतीची वयोमर्यादा मात्र कोणासाठी थांबत नाही.

नोकरी म्हणजे कचेरीतील खुर्ची, ही समजूत प्रथम दूर करावयास हवी. द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसमध्ये घडाची पारख असलेली माणसे लागतात. रोपवाटिकेस कलमे बांधणारा हवा असतो. ठिबक संच बसविणारे दुकानदार, दूध संकलन केंद्रे, शीतगृहे, ट्रॅक्टर दुरुस्तीचे कारखाने, शेतकरी उत्पादक कंपन्या या सर्वांस शेतीची जाण असलेला माणूस उपयोगी पडतो. अशा जागांची जाहिरात वर्तमानपत्रात क्वचितच येते. माल वाहणारे ट्रकचालक, खतांचे दुकानदार, आधी कामास लागलेली गावची मुले यांच्याकडून ती बातमी कळते. म्हणून स्वतः जाऊन भेटावे, आणि तेही हंगामापूर्वी. नाशिक भागात द्राक्षांची मुख्य काढणी साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात चालते. तेथे फेब्रुवारीत गेलेल्या मुलाशी बोलावयास कोणास सवड नसते. नोव्हेंबरात गेलेल्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते.

जाताना एका कागदावर आपली माहिती स्वच्छ अक्षरात लिहून न्यावी. 'शेतीचा अनुभव आहे' एवढेच लिहिणे व्यर्थ होय, कारण त्यावरून काहीच बोध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'तीन वर्षे घरच्या एक एकर द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी स्वतः केली. फवारणीची तारीख, औषध व प्रमाण यांची नोंदवही ठेवली. पाणबुडी पंप विहिरीतून काढून पुन्हा बसविता येतो.' यातील नोंदवहीचे वाक्य किरकोळ समजू नये. निर्यातीच्या द्राक्षांत औषधाचा अंश किती राहिला हे तपासले जाते; त्यामुळे नियमित नोंद ठेवणारा माणूस मालकास मोलाचा वाटतो. मात्र जे येत नाही ते लिहू नये. मालक हातात कात्री देतो, आणि पाच मिनिटांत खरे काय ते त्यास कळते.

कागदपत्रांची हयगय हे अपयशाचे दुसरे मोठे कारण. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार कार्ड व बँकेचे पुस्तक समोर मांडावीत आणि नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख अक्षर अन् अक्षर ताडून पाहावीत. एकीकडे 'दत्तात्रय' व दुसरीकडे 'दत्तू' असले, तर निवड होऊनही अडचण येते. शाळेत शिकत असताना चूक सुधारणे सोपे असते. शाळा सुटल्यावर तेच काम कष्टाचे होते. अधिवासाचा दाखला, आणि लागू असल्यास जातीचा दाखला व त्याची पडताळणी, यांस वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून ते वेळेवर हाती येतीलच असे नाही.

ज्याचे वय लहान आहे त्याने थेट मजुरीस न जाता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा विचार करावा. संधाता हा एक वर्षाचा, तर वीजतंत्री व जोडारी हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात शिकता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते. कृषी विज्ञान केंद्रातील अल्पमुदतीच्या वर्गाचे प्रमाणपत्रही अर्जास जोडावे. रोजगार केंद्रे १९४५ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी सुरू झाली व पुढे ती सर्वांस खुली झाली. त्यांच्याकडील नोंदणी आता संगणकावर होते. ती अवश्य करावी, पण नोंदणी केली म्हणून घरी बसून राहू नये.

नोकरी लावून देतो म्हणून अनामत मागणारा गावोगाव भेटतो. त्यास एक पैसाही देऊ नये. आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाने यापायी दुभती म्हैस विकली. नोकरी लागली नाही, आणि दुधाचे रोजचे उत्पन्नही गेले. सरकारी परीक्षेचे शुल्क जाहिरातीत दिलेल्या रीतीनेच भरावे व त्याची पावती जपून ठेवावी. मूळ दाखले कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. दाखवून लगेच परत घ्यावेत.

ग्राम कार्यकर्त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या कामी द्यावी. चावडीत किंवा वाचनालयात मुलांस, आणि आग्रहाने मुलींसही, बोलवावे. घरचे दूध, कोंबड्या व हिशेब त्याच सांभाळीत असतात. प्रत्येकाकडून गेल्या वर्षभरात केलेल्या कामांची यादी तोंडी वदवून घ्यावी व ती त्यांच्याच हाताने कागदावर उतरवावी. अर्जावर दिलेला दूरध्वनी क्रमांक चालू आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.